गाळलेली अकरा पानं

एकशे त्रेचाळिसाव्या पानाचा खालचा कोपरा दुमडलेला होता. दुमड लहान होती, आठ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि नंतर कोणीतरी ती नखाने उलगडून सपाट करायचा प्रयत्न केला होता. कागद असा पूर्ववत होत नाही. आतले तंतू मोडतात आणि तिथे एक पांढरट रेघ राहते. मी पानं दुमडत नाही. पुस्तक वाचनालयाचं होतं, दहा हातांतून आलेलं, पण मागच्या गुरुवारी हे पान मी नीट पाहिलं होतं आणि तेव्हा ते सरळ होतं.

नीट पाहिलं होतं, कारण मला ते वाचायचं नव्हतं.

दर गुरुवारी चार ते सव्वापाच मी मोठ्या बाईंना पुस्तक वाचून दाखवते. त्या आमच्या प्रयोगशाळेतल्या माझ्या वरिष्ठ. पिण्याचं पाणी तपासायचं काम मी त्यांच्या हाताखाली शिकले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला. कडेचं थोडं दिसतं. माणूस आलं हे कळतं, चेहरा कळत नाही, आणि अक्षर तर नाहीच. तेव्हापासून हे वाचन सुरू आहे. हे सातवं पुस्तक. बाईंची सून पाहुण्यांना सांगते, "सख्खी मुलगीसुद्धा एवढं करणार नाही." अशा वेळी मी हातातल्या कपाकडे बघते.

त्या गुरुवारीही दार सुनेनेच उघडलं. ती दाताच्या दवाखान्यात नोंदी ठेवते आणि गुरुवारी दुपारी घरी असते.

"या दशांशताई. तीन एकोणसाठ. एक मिनिट लवकर? तब्येत बरी आहे ना?"

दशांश हे नाव बाईंनी ठेवलेलं. थर्मामीटर सगळे सदतीस म्हणून वाचायचे, मी छत्तीस पूर्णांक नऊ म्हणायचे, म्हणून. आता त्यांच्या घरी सगळे मला तेच म्हणतात, आणि खरं नाव घेतलं तर मलाच क्षणभर कळत नाही.

"आई सकाळपासून तुमची वाट बघतायत," सून चपला सरकवत म्हणाली. "दोनदा मला वार विचारला. मी म्हटलं, आई, मी दाढा मोजते, वार नाही."

आतून बाईंचा आवाज आला. "तिला दारातच उभी ठेवून भाषण करू नकोस. आत येऊ दे."

बाई खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. समोर चहाचं भांडं. एका हाताच्या बोटाचं पेर कपाच्या काठाआत धरून त्या दुसऱ्या हाताने चहा ओततात. पेराला ऊब लागली की थांबतात. एक थेंब सांडत नाही. प्रयोगशाळेतही त्यांच्या हातून कधी सांडलं नाही.

मी बसले, बाईंकडेच ठेवलेलं पुस्तक उघडलं, आणि तो कोपरा दिसला.

पुस्तकाबद्दल सांगायला हवं. नदीकाठच्या एका गावाची ती कादंबरी आहे. नदीवर पूल नाही. लोक तराफ्यावर बसून, या काठापासून त्या काठापर्यंत बांधलेला दोर ओढत पलीकडे जातात. तराफा दोन चुलतभावांचा. रोज संध्याकाळी त्यांच्यापैकी एकाने तो अख्खा दोर हातातून सरकवत न्यायचा, कुठे पीळ सुटलाय का ते तळव्याने बघायचं. डोळ्यांनी ते दिसत नाही. एका संध्याकाळी पाळी धाकट्याची असते. तो म्हणतो, "बघितला." दुसऱ्या दिवशी दोर भर पाण्यात तुटतो. माणसं वाचतात, पण अर्धमेली होऊन. दोष थोरल्यावर येतो, कारण त्या दिवशी तराफा त्याने सोडलेला असतो. थोरला गाव सोडून जातो. धाकटा गप्प राहतो. मग तो दर आठवड्याला सरपणाची मोळी घेऊन थोरल्याच्या बायकोकडे जाऊ लागतो, आणि गाव त्याला चांगला म्हणू लागतं.

वाचताना माझी नजर दोन-तीन ओळी पुढे असते. मागच्या गुरुवारी एकशे बेचाळिसावं पान वाचता वाचता समोरच्या पानावरची ती मोळी मला दिसली. मी वाक्य पूर्ण केलं, अंगठ्याने सहा कागद एकदम उलटले आणि एकशे चोपन्नाव्या पानावरून पुढे वाचत राहिले. आवाज बदलला नाही. माझा आवाज सहसा बदलत नाही.

पूर्वी मी कथा-कादंबऱ्या फारशा वाचत नसे. बाईंसाठी वाचायला लागल्यापासून मात्र जे पुस्तक हातात येईल त्यात कुठे ना कुठे मी सापडते. एकदा तर मुलाच्या शाळेच्या पुस्तकातल्या, धान्याचा डबा उघडा टाकणाऱ्या उंदरातही सापडले. नवरा म्हणतो, "तू पुस्तक वाचतेस की पंचनामा करतेस?" त्याला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पाणी तपासायची आमची पद्धत साधी आहे. काचेच्या नळीत जंतूंना वाढायला आवडेल असं माध्यम घालतात, त्यात एक बारीक नळी उपडी ठेवतात आणि तपासायचं पाणी टाकतात. मग नळ्या उबवण-पेटीत अठ्ठेचाळीस तास ठेवायच्या, सदतीस अंश तापमानाला. पाण्यात घाण असेल तर जंतू वाढतात, वायू सुटतो आणि उपड्या नळीत बुडबुडा धरतो. बुडबुडा नाही म्हणजे पाणी चांगलं.

थंडीचे दिवस होते. शनिवारी सकाळी नऊ वाजता बाईंनी एका वसतिगृहाच्या टाकीचं पाणी लावलं आणि त्या घरी गेल्या. पेटीचं तापमान शनिवारी संध्याकाळी, रविवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी नोंदवायची पाळी माझी होती. मी गेले नाही. मूल आजारी होतं, पाहुणे आले होते, असं काही नाही. आम्ही नव्या घरात राहायला गेलो होतो आणि मला पडदे लावायचे होते. ती पेटी तीन वर्षांत कधी बिघडली नव्हती. सोमवारी सकाळी लवकर जाऊन, थर्मामीटर बघण्याआधीच, मी रजिस्टरमध्ये तीन ओळी भरल्या. सदतीस पूर्णांक शून्य, तीन वेळा. मग थर्मामीटर पाहिला. छत्तीस पूर्णांक नऊ. तो आकडा खरा होता आणि तोही मी लिहिला.

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. ते विजेवर चालायचं, पेटीच्याच जोडणीवर. ते सात तास मागे होतं. सात, किंवा एकोणीस, किंवा एकतीस, किंवा त्रेचाळीस. बारा तासांच्या तबकडीवरून तेवढंच सांगता येतं. मी स्टुलावर चढून काटे बरोबर केले. का केले, याचं उत्तर मी स्वतःला अनेक प्रकारे दिलं आहे. घड्याळ चुकलेलं बघवत नाही, हे त्यातलं एक.

नऊ वाजता बाई आल्या. त्यांनी नळ्या पाहिल्या, एकीतही बुडबुडा नव्हता. रजिस्टर पाहिलं आणि सही केली. गुरुवारपर्यंत वसतिगृहातल्या त्रेसष्ट मुली आजारी पडल्या. एकही दगावली नाही. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलं आहे की आता त्याचा अर्थ लागत नाही.

वॉचमनला मी दहा-बारा दिवसांनी विचारलं, सहज विचारल्यासारखं. तो म्हणाला, हो, शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास त्याच जोडणीवरचा बाहेरच्या खोलीतला पंखा थांबला होता, पण त्याला वाटलं पंखाच गेला. सोमवारी पहाटे पाचला मोटार लावायला गेला तेव्हा खाली पडलेला स्विच दिसला, तो त्याने वर केला. म्हणजे त्रेचाळीस तास. "त्यात सांगण्यासारखं काय होतं?" तो म्हणाला. मी म्हटलं, काही नाही.

चौकशीत पेटीवर कोणी संशय घेतला नाही, रजिस्टर स्वच्छ होतं. जंतू मुद्दाम घातलेली एक खात्रीची नळी दर वेळी लावायचा नियम त्यानंतर आला. सही बाईंची होती. त्यांना मुदतीआधी निवृत्त व्हायला सांगितलं. दोन वर्षांनी त्यांची खुर्ची मला मिळाली.

पहिलं पुस्तक संपलं की त्यांना सांगायचं, असं मी ठरवलं होतं. मग ते दुसऱ्यावर गेलं. चौथं पुस्तक विनोदी होतं, त्याच्या शेवटी सांगणं बरं दिसलं नसतं. पाचवं संपलं त्या दिवशी बाईंना सर्दी होती. अशी सात पुस्तकं.

"आज वाचू नकोस," बाई म्हणाल्या. "मिटून ठेव."

मी पुस्तक मिटलं.

"मागच्या वेळी तू पान उलटलंस तेव्हा आवाज जाड आला. एका कागदाचा आवाज तसा येत नाही. मी म्हटलं असेल काही. पण मग ती मोळी कुठून आली? तो धाकटा एकदम त्या बाईच्या अंगणात लाकडं टाकतोय, आणि तिचं पोरगं त्याला काका काका करतंय. मध्ये काहीतरी राहिलं होतं. म्हणून हिला म्हटलं, तू वाच."

"आणि मी वाचलं," सून दारातून म्हणाली. ती बिस्किटांची ताटली घेऊन आली होती. "रविवारी. दोनदा वाचायला लावलं. माझा आवाज बसला. तिकडे दवाखान्यात डॉक्टर विचारतायत, घरी भांडण झालं का?"

"तू कोपराही दुमडलास," मी म्हणाले.

"अय्या, दिसला का? मी सरळ केला होता की!" ती हसली. "तुमच्यापुढे काही लपत नाही हं." ताटली ठेवून ती आत गेली, आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

मी बाईंच्या हातांकडे बघत होते. ते मांडीवर होते, एकावर एक, स्थिर.

"अकरा पानं गाळलीस," त्या म्हणाल्या. "मला आधी राग आला. मग कळलं का गाळलीस ते. आणि खरं सांगू? रडू आलं मला."

माझी नाडी शंभराच्या वर असावी. मला वाटलं, झालं. आता मला काही सांगावं लागणार नाही. त्या क्षणी मला जे वाटलं ते सुटल्यासारखं होतं, आणि त्याची लाज मला नंतर वाटली.

"माझं मन दुखू नये म्हणून गाळलीस तू," बाई म्हणाल्या.

मी मिटलेलं पुस्तक मांडीवर सरळ केलं.

"त्या पानांत तो धाकटा म्हातारा झालेला असतो बघ. आणि त्याला आठवेनासं होतं, त्या संध्याकाळी दोर हातातून सरकवला होता की नाही. कधी वाटतं सरकवला, तळव्याला पीळ लागलेला आठवतो. कधी वाटतं ती दुसरीच कुठली संध्याकाळ. हे वाक्य हिने वाचलं आणि मी म्हटलं, थांब. हा मीच आहे. नऊ वर्षं माझं हेच चाललंय."

"तुमचं?"

"मग कोणाचं? त्या शनिवारसाठी माध्यम मी शुक्रवारी बनवलं होतं. वजन केलं, विरघळवलं, वाफेच्या भांड्यात ठेवलं. पंधरा मिनिटं ठेवायचं असतं. जास्त वेळ राहिलं तर त्यातली साखर करपते, मग जंतू असले तरी वायू सुटत नाही. मी वेळ बघितली होती का? त्या दिवशी फोन आला होता, तेवढं आठवतं. फोन किती वेळ चालला ते आठवत नाही. रोज मी मनात ते माध्यम पुन्हा बनवते. रोज फोन येतो."

"चौकशीत तुम्ही म्हणाला होतात की माध्यम बरोबर होतं."

"म्हणाले होते, तेव्हा खात्री होती. किंवा तेव्हा घमेंड होती. नंतर घरी बसून शांतपणे एकेक गोष्ट बाजूला काढली, आपण शिकवतो ना तसं. पाणी खराब होतं, हे नक्की. नळ्या धुतलेल्या होत्या, बाकीच्या कामात त्याच नळ्या चालल्या. पेटी ठीक होती, शनिवार-रविवारी तिन्ही वेळा सदतीसला एक दशांश इकडे नाही की तिकडे नाही. नोंद तुझी होती. दुसऱ्या कोणाची असती तर मी शंका घेतली असती. पण तुझी होती. मग उरलं काय? मी उरले."

युक्तिवादात चूक नव्हती. मी तो मनात दोनदा तपासून पाहिला. एक आकडा खोटा असला की बाकी सगळं बिनचूक करूनही माणूस चुकीच्या जागी पोचतो, हे आम्ही नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगतो. मी स्वतः सांगते. बाई नऊ वर्षं अन्याय सोसत आहेत असं मी धरून चालले होते, आणि त्यातही मला एक आधार होता: निदान त्यांना स्वतःला ठाऊक आहे की त्या निर्दोष आहेत. तेवढं तरी मी त्यांचं घेतलेलं नाही. आता कळलं की पहिल्या वर्षीच ते घेऊन झालं होतं.

"मी हिला सांगून पत्र लिहवून घेतलंय," बाई म्हणाल्या. उशीखालून त्यांनी एक पाकीट काढलं आणि माझा आवाज जिथून येत होता तिकडे धरलं. "तुझ्या साहेबांच्या नावाने. माध्यम माझ्या हातून करपलं, चूक माझी, चौकशीत मी ती नाकारली हीसुद्धा चूक. एक प्रत त्या वसतिगृहालाही जाऊ दे. त्या मुली आता मोठ्या झाल्या असतील. एखादीला अजून वाटत असेल, कोणीच कसं काही बोललं नाही. हे तू उद्या नेऊन दे. पोस्टाने नको, वाटेत कुठेतरी पडून राहील."

पाकीट मी घेतलं. फार हलकं होतं, कागद एकच असावा. असलं पत्र साहेबांकडे आलं की अभिप्रायासाठी ते माझ्याच टेबलावर येतं. मला त्यावर लिहावं लागेल: वाचले, नोंदींशी सुसंगत. आणि ते खरंच नोंदींशी सुसंगत होतं.

"आई, चहा गार झाला असेल, गरम करू?" सुनेने आतून विचारलं.

"नको गं. आम्ही बोलतोय." मग हळू आवाजात मला, "हिला वाटतं मी उगाच जुनं उकरतेय. म्हणते, आई, कोण विचारतंय आता? पण कोणी विचारायला कशाला पाहिजे? तुला कळेल. तू त्यातली आहेस. आकडा चुकला तर तुला रात्री झोप लागायची नाही, मला आठवतंय."

"बाई..."

"आणि एक सांग मला, अगदी खरं. तुला आधीपासूनच वाटत होतं ना, की चूक माझी होती? म्हणून तर गाळलीस पानं. म्हणून येतेस इतकी वर्षं. कधी तोंडाने म्हणाली नाहीस. मोठं मन आहे तुझं, दशांश."

खिडकीतून येणारा उजेड त्यांच्या खांद्यांवरून माझ्या हातातल्या पाकिटावर पडला होता. पाकिटावर साहेबांचं नाव सुनेच्या गोल अक्षरात होतं आणि खाली बाईंनी स्वतः सही केली होती. न बघता केलेली सही. पहिली दोन अक्षरं ओळीवर होती, पुढची घसरत घसरत काठापर्यंत गेली होती. त्यांच्या जुन्या सह्या मी रोज बघते, फाइलींमध्ये. त्या एका सरळ रेषेत असतात.

मी पाकीट त्यांच्या मांडीवर परत ठेवलं. त्यांनी ते चाचपलं.

"का गं? नेणार नाहीस?"

"नाही."

"हे बघ, माझी दया करू नकोस. अकरा पानं गाळलीस तेवढं पुरे झालं."

"दया नाही. पत्रातलं खरं नाही. माध्यम बरोबर होतं, बाई."

"तुला काय माहीत? शुक्रवारी तू तिथे नव्हतीस."

"शुक्रवारी नव्हते," मी म्हणाले. माझा आवाज बदलला होता. तो मला ओळखू येत नव्हता, आणि बाईंनी मान किंचित वळवली, कडेने दिसतं तसं मला बघण्यासाठी. "शनिवारीही नव्हते. रविवारीही नव्हते."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"तू... नोंद आहे की तुझी. तिन्ही वेळची."

"ती पानं मी तुमच्यासाठी गाळली नव्हती. त्या पानांत सरपणाची मोळी होती, दर आठवड्याची." त्यांची बोटं पाकिटावर थांबली. "पेटी त्रेचाळीस तास बंद होती. मी पडदे लावत होते, आणि ते तीन आकडे सोमवारी सकाळी बसून मनाने लिहिले. उद्या दहा वाजता मी साहेबांच्या खोलीत जाऊन हे सगळं लिहून देणार आहे, बाई, माझ्या सहीने, आणि एक प्रत त्या वसतिगृहाला."